रुखवतातले सेहेचाळीस रुमाल

बुरोंडी
१२ सप्टेंबर २०२५

ताई,

आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं आणि खोडलं. एकोणीस वर्षं तोंड न दाखवलेल्या बहिणीने तीर्थरूप लिहिलं तर तू म्हणशील, राजूला काहीतरी हवंय. तर हो, हवंय. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना शोधत बसायला नको.

फोन चार वेळा केला. वाजून वाजून बंद पडतो. काशीरामला म्हटलं, बाबा रे, तुझी रिक्षा खाडीपलीकडे धोपाव्याच्या जेट्टीवरच उभी असते, सगुणाताईचा नंबर बदलला का तेवढं बघ. तो म्हणाला, नंबर तोच आहे, रोज अंगणवाडीत जातात, तब्येत बरी आहे, तुमचं नाव काढलं की विषय बदलतात. सख्ख्या चुलत्याचा मुलगा, पण बोलायला काही धरबंध नाही. म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही, पडून राहतं. कधीतरी उघडशील.

इकडे सगळं ठीक. हे बोटीवरून कायमचे घरी आले त्याला सहा वर्षं झाली. आयुष्यभर समुद्रावर राहिलेला माणूस, आता पडवीत समुद्राकडे पाठ करून पेपर वाचतो. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. गुडघे गेले, कान मात्र शाबूत. संदेश दापोलीला कामाला जातो. त्याची बायको श्रद्धा, तिला तू पाहिलेलं नाहीस. लग्नाची पत्रिका पाठवली होती. असो.

ही श्रद्धा पोर चांगली आहे, पण तिच्या डोक्याला स्वस्थता नाही. मागच्या दोन खोल्या तिने पर्यटकांसाठी केल्या. त्या सजवायच्या म्हणून माळ्यावरची ट्रंक काढली आणि तिच्या हाती लागले क्रोशाचे रुमाल. तुझे. पहिली काही वर्षं मी ते वापरले होते गो. एक टीव्हीवर, एक फ्रिजवर फुलदाणीखाली, मणी लावलेले छोटे दुधाच्या पेल्यांवर. मग टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला आणि त्याच्या रुमालाची नोकरी गेली. एकेक करत सगळे डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडले. श्रद्धा म्हणाली, आई, एवढं सोनं पेटीत घालून ठेवलंत आणि मी बाजारातून प्लॅस्टिकची फुलं आणतेय.

त्या दिवसापासून घरात बघशील तिकडे रुमाल. कोकमाच्या आगळाच्या आणि लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला सुतळीने बांधलेले. मच्छरदाणीला भोक पडलं होतं तिथे एक चांदणीचा शिवून टाकला, आता ती मच्छरदाणी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते. कैरीच्या आकाराचे दोन होते ना, ते तिच्या कुडत्याच्या गळ्याला लागले. खिडकीला पडदा नाही, नऊ रुमाल एकमेकांना जोडून लोंबते सोडलेत. दुपारी उन्हाची जाळी शहाबादीवर पडते, सासूबाई त्यात पाय ठेवून बसतात. सगळ्यात मोठा, तू दोन पावसाळे घालवून केलेलास तो, निळ्या कापडावर ताणून चौकटीत बसवला आणि ओटीवर टांगला. येणारा-जाणारा थांबून बघतो. मी त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालून जाते. दमायला होतं.

गणपतीत तर तिने माझ्या जुन्या निळ्या साडीवर तीस रुमाल टाचून पाठीमागचा पडदा केला. चांदणं पडल्यासारखं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पंचायत समितीच्या एक बाई दर्शनाला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, कुणी विणले. श्रद्धा म्हणाली, आमच्या आईंनी, लग्नाआधी. मी प्रसादाची वाटी घेऊन उभी होते, ती वाटी त्यांच्या पुढे केली.

त्याचं फळ आता समोर आलंय. बचत गटाच्या बायकांसाठी क्रोशाचा वर्ग मंजूर झाला आहे. भातं कापून, झोडून झाली की शनिवार १५ नोव्हेंबरपासून, शाळेच्या रिकाम्या खोलीत, बारा बायका. शिकवणार सौ. राजश्री. श्रद्धाने नाव देऊन टाकलं आणि मग येऊन मला सांगितलं, वर आनंदाने मिठी मारली.

ताई, सुई कशी धरायची तेसुद्धा मला येत नाही. माहेरची मोठी माणसं गेली, आता हे तुला आणि मला सोडून जगात कुणाला ठाऊक नाही.

तर मला हवंय ते एवढंच. सुरुवात कशी करायची, साखळी कशी घालायची, खांबाचा टाका कसा घ्यायचा, हे चार कागदांवर लिहून पाठव. चित्र काढ. अंगणवाडीतल्या पोरांना समजावतेस तसं लिही. बाकी तू का येत नाहीस, का बोलत नाहीस, मला खरंच कळलेलं नाही, आणि आता विचारतही नाही.

तुझी,
राजू


बुरोंडी
२९ सप्टेंबर २०२५

ताई,

उत्तर नाही. बरं.

काशीराम म्हणाला, पत्र पोचलं, खिडकीत ठेवलेलं त्याने पाहिलं. म्हणजे पोस्टाचा दोष नाही.

मी शिकायला घेतलं आहे. दापोलीतून सुई आणि दोऱ्याचं रीळ आणलं. श्रद्धाला सांगितलं, सवय गेली आहे, हात बसवते. दुपारी ती पाहुण्यांचं जेवणखाण आवरत असते तेव्हा मी मागच्या खोलीत दार लोटून मोबाईल लावून बसते. त्यातली मुलगी इतकी भरभर विणते, तिला बहुतेक घरी स्वैपाक नसावा. सहा साखळ्यांचा गोल. त्यात बारा खांब. पुढच्या फेऱ्यात एकावर दोन. इतकं कळलं. पण मोजताना कुणी हाक मारली की संपलं. खांब कमी पडले की कडा वर उचलतात आणि रुमालाची वाटी होते. जास्त झाले की परकराची झालर. आत्तापर्यंत चार वाट्या आणि तीन झालरी झाल्या. सपाट एकही नाही. सगळं चुलीत घातलं. चोपन्नाव्या वर्षी चोरून विणकाम शिकणारी बाई आणि चोरून विडी ओढणारा पोरगा यांत फरक नाही, दोघांचे कान दाराकडे.

त्यात आणखी एक झालं. श्रद्धाने फुगा फुगवून त्यावर रुमाल चिकटवून बल्बाची टोपी केली. खळ कसली, तर भाताच्या पेजेची. मी म्हटलं होतं, पेज नको, आपल्याकडच्या दमट हवेत मुंग्या लागतील, साबुदाण्याची खळ घे आणि त्यात चिमूटभर मोरचूद टाक. ऐकतं कोण. मुंग्या लागल्याच, आणि मागून उंदीर आला. दोन रुमाल कुरतडले. ते घेऊन पोर रडवेली होऊन माझ्याकडे आली. आई, तुम्हीच विणलेत, तुम्हीच सांधा. मी म्हटलं, ठेव तिथे, बघते. आठ दिवस ते माझ्या उशीखाली आहेत.

आता एक बोलते. तुला आवडणार नाही, पण आवडायला तू कुठे उत्तर देते आहेस.

हे खोटं मी सुरू केलं नाही. तू केलंस. आपल्या वेळणेश्वरच्या घरी माझं लग्न ठरलं तेव्हा हातात अठरा दिवस होते. ह्यांची बोट लागणार होती, सासरच्यांना घाई. रुखवतात मांडायला माझ्या हातचं काही म्हणता काही नव्हतं. मी लिंबाचं सरबतसुद्धा धड करत नव्हते. आप्पा म्हणाले, पापडाची चळत मांडा आणि मोकळे व्हा. तेव्हा तू आतल्या खोलीत गेलीस आणि तुझी ट्रंक ओढत आणलीस. तुझं लग्न मोडून तीन वर्षं झाली होती. त्या माणसाचा मुंबईत आधीच संसार थाटलेला निघाला, आणि तुझ्या रुखवताची ट्रंक तशीच कुलपात राहिली. मी तर म्हणत होते, नको ताई. तू म्हणालीस, घाल गो, पडून काय कामाचे.

आणि चिठ्ठ्या कुणी लिहिल्या? रुखवतावर नवरीच्या नावाची चिठ्ठी लावायची रीत, ती तूच तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलीस. ‘चि. सौ. कां. राजश्री हिने विणलेले.’ सेहेचाळीस रुमाल, सेहेचाळीस चिठ्ठ्या. टाचण्या लावताना तुझ्या बोटातून रक्त आलं होतं. माझ्या सासूबाई टेबलाजवळ आल्या, चष्मा लावून एकेक रुमाल उलटून बघितला आणि बायकांना म्हणाल्या, सून हाताची गुणी आहे. तू शेजारीच उभी होतीस आणि हसलीस. मी काय बोलणार होते त्या वेळी? त्यानंतर कधी बोलणार होते?

तर मला एकटीलाच दोषी धरू नकोस. चार कागद लिहून पाठव. पंधरा नोव्हेंबरला दीड महिना राहिला आहे.

राजू


बुरोंडी
१४ ऑक्टोबर २०२५

ताई,

मागचं पत्र टाकलं आणि घरी येईपर्यंत मला माझीच लाज वाटायला लागली. पण टपालपेटीत हात जात नाही.

चिठ्ठ्यांचं खरं आहे. पण तू त्यासाठी गेली नाहीस, आणि मला ते माहीत आहे. पहिल्या पत्रात ‘कळलेलं नाही’ लिहिलं ते खोटं. मला तारीख माहीत आहे, वेळ माहीत आहे, तू कुठली साडी नेसली होतीस ते माहीत आहे.

सासूबाईंची पासष्टी होती, मे २००६. तू तुझ्या अंजनवेलहून आदल्या दिवशी आली होतीस, शंभर माणसांच्या पुऱ्या लाटल्यास. जेवणं झाल्यावर बायका ओटीवर बसल्या होत्या. सासूबाई तुझ्याकडे वळून म्हणाल्या, तुझी बहीण एवढी विणणारी, आणि तुला गो काय येतं? सगळ्या तुझ्याकडे बघायला लागल्या. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, काही मागितलं नाहीस. आणि मी म्हणाले, “ताईला सुई धरता येत नाही.”

गप्प बसले असते तरी चाललं असतं. कुणी मला विचारलंच नव्हतं. माझी जीभ आपणहून पुढे धावली, कारण तू तोंड उघडशील अशी भीती वाटली. तू. जिने मला अक्षरं गिरवायला शिकवली. बायका हसल्या. तूही हसलीस आणि पाणी आणायला आत गेलीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने गेलीस, ती गेलीस.

एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की तू मानी आहेस, तुला माझा संसार बघवत नाही, एकटीने राहून तू कडू झालीस. लोकांनाही हेच सांगितलं. हे मात्र कुणी विचारलं म्हणून सांगितलं.

मला कागद नकोत. चुकले. एवढंच लिहायचं होतं, आणि ते लिहायला हातभर कागद लागला.

राजू


बुरोंडी
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

दिवाळी झाली. तुझा कागद आला नाही, मी वाटही बघितली नाही असं म्हणते, पण पोस्टमनच्या गाडीचा आवाज आता मला शंभरात ओळखू येतो.

काल सासूबाईंना सांगितलं.

ठरवून नव्हे. त्यांचे पाय शेकत होते. त्या खिडकीखाली बसल्या होत्या आणि अंगावर तुझ्या रुमालांची सावली पडली होती. श्रद्धा बायकांची नावं घेऊन आली, बाराच्या चौदा झाल्यात म्हणून नाचत गेली. शेकायची पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, हे रुमाल मी विणलेले नाहीत. सगुणाताईने विणलेत. मला येत नाही, कधीच येत नव्हतं.

मला वाटलं होतं, ओरडतील. नाहीतर छातीला हात लावतील, मग डॉक्टर, मग सगळं गाव. त्यांनी पाय थोडा पुढे केला, शेक म्हणून. मग म्हणाल्या, “पयल्याच वर्षी कळलं मला.”

ताई, माझ्या लग्नाच्या पहिल्या पावसाळ्यात गाईच्या वासराने एक रुमाल चावला होता. त्यांनी तो सांधायला माझ्याकडे दिला होता, आणि मी डोळ्यांचं निमित्त सांगून आत ठेवून दिला. मी ते विसरूनही गेले होते. त्या म्हणाल्या, विणणारीचा धागा उसवला तर तिला जेवण जात नाही. तू तर रुमालाची घडी घालून झोपलीस. तेव्हाच समजले, हात दुसऱ्या कुणाचा आहे. आणि कुणाचा ते विचारायची गरज नव्हती, रुखवताजवळ उभी होतीच ती.

मी विचारलं, मग बोललात का नाही. म्हणाल्या, घरात आलेल्या पोरीला पहिल्याच वर्षी खोटं ठरवून काय मिळवायचं होतं? नांदायचं होतं तुला. वाट बघितली. आपणहून सांगेल म्हटलं.

मग माझ्या तोंडातून निघालं, की तुम्हाला माहीत होतं तर पासष्टीला सगळ्यांसमोर ताईला तसं का विचारलंत? हा प्रश्न मी विचारायला नको होता. त्या म्हणाल्या, “तिला नव्हतं विचारलं. तुला बोलायला जागा करून दिली होती. तू बोललीस, ते मी ऐकलं.”

पिशवी गार झाली होती, ती भरून आणायला मी उठले.

तेरा वर्षं माझी वाट बघितली होती त्या बाईने. आणि नंतरची एकोणीस वर्षं मी वाढलेलं जेवल्या, मला सून म्हणून हाका मारल्या, आलेल्या-गेलेल्याला माझ्या हाताचं कौतुक सांगितलं, कारण मी तेच निवडलं होतं. मी ज्या एका माणसाला भिऊन तुझ्यावर ते वाक्य टाकलं, तिला सगळं आधीच ठाऊक होतं. कुणापासून लपवत होते मी? माझं डोकं चालत नाही ताई. सकाळपासून दोनदा भात करपला.

राजू


बुरोंडी
१२ नोव्हेंबर २०२५

ताई,

काल तुझ्याकडून घरी आले. ह्यांनी विचारलं, सगुणा कशी आहे. म्हटलं, बरी आहे. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि थोडा वेळ समुद्राकडे बघितलं. मग परत पेपर.

जे काल तोंडाने सांगता आलं नाही ते लिहिते.

रविवारी बचत गटाची बैठक होती, तिथे मी उभी राहून सांगितलं, की हे काम माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे, आणि बत्तीस वर्षं मी ते माझं म्हणून मिरवलं. सांगून झालं आणि मला वाटलं, आता आकाश कोसळेल. मागच्या एकीने विचारलं, मग आम्हाला शिकवणार कोण? दुसरी म्हणाली, चहा सांगायचा का. एवढंच झालं. श्रद्धा मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग काल सकाळी तिने माझ्या पिशवीत तुझ्यासाठी लाडूंचा डबा ठेवला आणि दाभोळच्या गाडीत बसवून दिलं.

दाभोळची जेट्टी ते धोपावे, किती गो तो प्रवास? माझा चहासुद्धा गार झाला नव्हता. तेवढं पाणी ओलांडायला मला एवढी वर्षं लागली. काशीरामने रिक्षा तुझ्या दारात उभी केली.

तू दार उघडलंस. मी समजले होते, लावून घेशील. तू म्हणालीस, चप्पल आत काढ, कुत्रं नेतं. केस सगळे पांढरे झाले तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू चहा ठेवायला गेलीस आणि मी बसल्या बसल्या घर बघत होते. दोन खोल्या, लख्ख. टीव्हीच्या कपाटावर वर्तमानपत्र अंथरलेलं. पाण्याच्या हंड्यावर स्टीलची ताटली. टेबलावर प्लॅस्टिकचा कागद. खिडकीला जुन्या साडीचा पडदा. मी वळून वळून बघत होते. एक रुमाल नाही. एक तोरण नाही, उशीच्या अभ्र्याला जाळीची कड नाही. जिच्या कमरेला सुई खोचलेली नसेल असा दिवस मी लहानपणी पाहिला नाही, तिच्या घरात दोऱ्याचं एक रीळ नाही.

मी विचारलं, विणतेस कधी? तू कपबशी ठेवलीस आणि म्हणालीस, सोडलं. कधी, म्हटलं. म्हणालीस, त्याच मे महिन्यात.

मी रडायला लागले, की माझ्या बोलण्याने तुझा हात गेला. तू वैतागलीस. तुझं ते वैतागणं मी किती वर्षांनी ऐकलं. पुढे तू जे म्हणालीस ते मी जसंच्या तसं लिहून ठेवते, म्हणजे मला ते बदलता येणार नाही.

“राग होता. वर्षभर होता, मग गेला. पण बुरोंडीच्या दोन पोरी इथे दिलेल्या आहेत. मी ओटीवर विणायला बसले असते तर बातमी बोटीने तिकडे पोचली असती, की सगुणाला येतं, आणि राजूला येत नाही. तुझी सासू तुला काय म्हणाली असती? म्हणून सोडलं. तुझ्याकडे यायचंही सोडलं. आले असते तर कुणीतरी हातात सुई दिली असती, आणि माझा हात थांबला नसता. म्हटलं, तू बोललीस ना, ताईला सुई धरता येत नाही, तर तेच खरं असू दे.”

मग तू लाडूंचा डबा उघडलास आणि म्हणालीस, बेसन चांगलं भाजलंय.

खिडकीत माझी पत्रं होती. तीन उघडलेली, चौथं बंद. तू म्हणालीस, तीन वाचली, चौथं आलं आणि चष्म्याची काडी तुटली, गुहागरला जाईन तेव्हा करून घेईन, मग वाचेन. आणि तू डबा रिकामा करायला आत गेलीस.

ताई, तेवढ्यात मी ते चौथं पत्र उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

त्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. तू माझ्या सासूबाईंपासून मला वाचवायला तुझे हात बांधून घेतलेस, आणि त्यात लिहिलंय की वाचवायला काही उरलंच नव्हतं. त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तू एक टाका घालू नयेस, माझ्या दारात येऊ नयेस, असं काहीच नव्हतं. मला वाटलं, हे तुला कळू नये. एवढं केलंस ते माझ्यासाठी केलंस, ते निदान कामी आलं असं समजून राहशील. बोटीत बसेपर्यंत मला वाटत होतं की मी चांगलं काम केलं.

बोटीने धक्का सोडला आणि लक्षात आलं की मी परत तेच केलं. तुझं म्हणून जे होतं ते उचललं आणि आपल्या पिशवीत घातलं.

ते पत्र याच्यासोबत घातलं आहे. उघडलेलं नाही, तसंच आहे. चष्मा दुरुस्त झाला की वाच. वाचून तुला राग आला तर या वेळी तो पुरा येऊ दे, माझ्यापायी आवरू नकोस. मी खोटी पडले असते तर काय झालं असतं गो? चार दिवस बोलल्या असत्या बायका. तू एवढं कशाला केलंस?

शनिवारी वर्ग आहे. काशीरामला फोन करून सांगितलंय, तेवढं तो तुला तोंडी सांगेल, चष्म्यावाचून अडायला नको. चौदा बायका आहेत, त्यांना सांगितलंय की शिकवणारी पलीकडून आली तर येईल, नाही आली तर घरी जायचं. तुला ये असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. मी नऊ वाजता दाभोळच्या जेट्टीवर असेन. दुपारच्या बोटीपर्यंत थांबेन आणि मग परत येईन.

राजू